वर्तमानकाळ नसलेलं क्रियापद

तिच्या आत्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की भाची कॉलेजात 'गिऱ्हाईक' शिकते. चारचौघांत ती अभिमानानं सांगायची, "पोरगी हुशार आहे हो, गिऱ्हाईक शिकते. पुढेमागे दुकान टाकेल." ऐकणारे माना डोलवायचे. जुनी ग्रीक म्हणून एक भाषा असते आणि ती बोलणारी माणसं मरून दोन-अडीच हजार वर्षं झाली, हे आत्याला समजावण्याच्या फंदात कुणी पडलं नाही. समजावलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग शिकून बोलणार कुणाशी? 

ग्रीक तिच्या वाट्याला आलं तेही अपघातानंच. वडील बसगाड्यांच्या कारखान्यात फिटर. मुलीनं इतिहास घ्यावा असं ठरलं होतं, पण ती खिडकीशी पोचली तोवर इतिहासाच्या जागा भरल्या होत्या. कारकून मान वर न करता म्हणाला, "ग्रीकला जागा आहे. ग्रीकला नेहमीच जागा असते." वर्गात चार जण होते. दिवाळखोर पेढीतून ठेवी काढून घ्याव्यात तसे त्यातले तिघे एकेक करून निघून गेले, आणि परीक्षेपर्यंत ती एकटी उरली. समोर सर, बाकावर ती, मध्ये फळा.

सर उंच, किडकिडीत, आणि बोलण्यात भारी खवट. त्यांनी आयुष्यात एकच काम धरलं होतं: ग्रीक भाषेचा आपल्या भाषेतला पहिला मोठा कोश. एका विश्वस्त संस्थेनं त्यासाठी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. पदवी हातात पडली तशी सरांनी तिला तिथं बोलावलं. "थोड्या वर्षांचं काम आहे," ते म्हणाले, "मग तू मोकळी." ती बसली. खालून येणारा रबराचा वास आधी डोक्यात जायचा, मग केसांत राहायला लागला, आणि पुढे केस पांढरे झाले तरी गेला नाही. लग्नाचं वय त्या खोल्यांतच सरलं. दोन-तीन स्थळं आली होती. एका मुलाच्या आईनं विचारलं, "कोश म्हणजे नक्की काय करता?" तिनं सांगितलं, "शब्दांचे अर्थ लिहितो." बाई म्हणाल्या, "ते सगळ्यांना माहीतच असतात की." तिथंच बोलणी आटोपली.

काम मात्र तिला आवडायचं. एकेका शब्दाचं एकेक कार्ड, कार्डांचे लाकडी खोके. क्रियापदांचं तर सरांना वेडच. ते म्हणायचे, "नाम म्हणजे सडाफटिंग माणूस. क्रियापदाला खटलं असतं. बायको, पोरं, दूरचे चुलते, सगळ्यांची चौकशी करावी लागते." एकाच क्रियापदाची शेकड्यांनी रूपं, त्यातली काही एकमेकांशी नातं असल्याची ओळखही न दाखवणारी.

त्यांनी तिला विद्यार्थिदशेत असतानाच एक क्रियापद दाखवलं होतं. कोशात ते 'त्लाओ' म्हणून लावतात, पण तो नुसता नावाचा टिळा. त्या रूपात ते कुणी वापरल्याचं कुठंच सापडत नाही. 'एत्लेन' सापडतं, म्हणजे मी सोसलं. 'त्लेसोमाय' सापडतं, मी सोसेन. 'तेत्लेका' सापडतं, माझं सोसून झालं आहे. पण मी सोसतो, आत्ता, या घडीला? त्याला रूपच नाही.

"असं का, सर?"

"माहीत नाही. आणि कोश करणाऱ्यानं 'माहीत नाही' म्हणायला लाजू नये."

तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. भीत भीत म्हणाली, "सोसताना माणूस म्हणत नसेल, सर. नंतरच कळत असेल."

"कविता करू नकोस," सर म्हणाले. "नोंद कर."

पण त्याच दिवशी त्यांनी खडूनं फळ्यावर छपराची तुळई काढली आणि सांगितलं, की आपली तुळई, आपला तराजू तोलणं आणि हे क्रियापद, तिघांची पणजी एकच. मूळ अर्थ ओझं उचलून धरण्याचा. घरी जाऊन तिनं डोक्यावरची तुळई पाहिली. आयुष्यभर तिच्याखाली झोपली होती, पण कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

असं सगळं चालू राहिलं. कोशाचा पहिला खंड निघाला. गावातल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मग सरांच्या रक्तातली साखर त्यांच्या डोळ्यांवर उतरली. आधी कार्डं नाकाशी धरावी लागली, मग भिंग, मग तेही संपलं. दुसऱ्या खंडाचं अर्धं काम तिनं वाचून दाखवायचं आणि सरांनी ऐकून दुरुस्त करायचं, असं झालं. सकाळी ती टायरच्या दुकानावर बसायची, दुपारी सरांच्या घरी जायची. सरांची बायको केव्हाच गेली होती. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि तिची एक लहान मुलगी. नवरा परमुलखात. अशी तीन पिढ्यांची तीन माणसं त्या घरात राहत होती.

आणि मग संस्थेच्या चिटणिसांनी तिला जिन्यात गाठलं. माणूस सज्जन. चष्म्याची काडी उघडत-मिटत म्हणाले, "बाई, दुसरा खंड होणार नाही. पहिल्याचे गठ्ठे खाली पडलेत, उंदीर तेवढे वाचतायत. मंडळाचं ठरलंय. तुम्हाला आपण संस्थेच्या शिवणवर्गाच्या कचेरीत घेऊ, काळजी करू नका. सरांना मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," ती म्हणाली.

ते तिनं म्हणायला नको होतं. चिटणिसांनी सांगितलं असतं तर एका दुपारचा कडकडाट झाला असता आणि मिटलं असतं. पण ती शब्द देऊन बसली. सरांच्या दारात पोचली तेव्हा मुलगी कामावर निघालेली. तिचा चेहरा पाहून मुलीनं ओळखलं, तिला परत जिन्यात ओढलं आणि सगळं वदवून घेतलं.

"सांगू नका, ताई," मुलगी म्हणाली. "मी पाया पडते. त्यांचा जीव त्या कार्डांत अडकलाय. डोळे गेले तेव्हा आठ दिवस जेवले नव्हते. हे गेलं तर उरेल काय?"

"पण आज ना उद्या—"

"उद्याचं उद्या."

ती आत गेली. सर खुर्चीत ताठ बसले होते. "उशीर केलास. कुठवर आलो होतो?"

तिनं खोका उघडला आणि सिग्मा या अक्षराचं पहिलं कार्ड वाचायला घेतलं.

सिग्मा म्हणजे ग्रीक कोशातलं भलतंच दांडगं प्रकरण. सरतं सरत नाही. तो सगळा उन्हाळा, पावसाळा आणि पुढचा हिवाळा त्यात गेला. सकाळी ती शिवणवर्गात नावं लिहून घ्यायची, दुपारी येऊन नसलेल्या खंडाची कार्डं पक्की करायची. एक खोटं टिकवायला रोज नवा टेकू द्यावा लागे. "छापखानेवाले काय म्हणतात?" "अक्षरं जुळवतायत, सर." "टायरवाल्याचा पोरगा अजून शिट्ट्या मारतो का गं?" "मारतो की." त्या खोल्यांत आता टायरवाल्यानंच माल भरला होता. सर तिच्या चुका काढायचे, ओरडायचे, "तीस वर्षं झाली, अजून स्वर चुकतेस!" ती मुकाट दुरुस्त करायची. कधीकधी तासन् तास ती स्वतःच विसरून जायची, की हे छापलं जाणार नाही. मग घरी जाताना चौकात आठवायचं.

घरी धाकटी बहीण होती. नवऱ्याचा मार खाऊन, एक दिवस पिशवी उचलून आलेली. तेव्हापासून ती ताईजवळ राहायची आणि एका धुलाईकेंद्रात इस्त्री करायची. बोलायला फटकळ. "मेलेल्यांची भाषा जिवंत माणसाला फसवायला वापरतेस," ती म्हणायची. "पुण्य लागेल की पाप, ते तुझ्या सरांना विचार."

ताव हे अक्षर सुरू झालं आणि सरांच्या पायाला जखम झाली. आधी अंगठ्याला साधा फोड. साखरेच्या माणसाचं पाऊल, त्यांना दुखलंही नाही. फोड काळा पडला. डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. म्हणाले, "दवाखान्यात हलवा. काही आठवडे राहावं लागेल. बोटं जातील, पाय वाचेल. उशीर केलात तर पाय जाईल, आणि त्याहून उशीर केलात तर..." पुढचं त्यांनी मुलीला बाहेर सांगितलं.

सर म्हणाले, "ताव संपल्याशिवाय मी हलणार नाही."

मुलीनं आकांत केला. सर ढिम्म. "पाय काय, माझ्या कामाला लागत नाही. बूड लागतं, ते शाबूत आहे." स्वतःच्याच विनोदावर हसले. खोलीत एक गोडसर कुजका वास यायला लागला होता. खिडकी उघडली तरी जात नव्हता. त्यांना तो येत होता की नाही, कळायला मार्ग नव्हता.

जिन्यात मुलीनं तिचा हात धरला. "तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"काहीही. फक्त ते सोडून."

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते जुनं क्रियापद आलं. सर अडून बसले. तिनं 'सोसणे' लिहिलं होतं. सर म्हणाले, "अर्धं आहे. ग्रीक माणूस हेच क्रियापद धजण्यालाही वापरतो. कुणी मुलाचं मरण पाहतो तिथंही हेच. कुणी आपल्याच माणसावर सुरी उचलायला धजतो, तिथंही हेच." तिनं दुसरा अर्थ म्हणून 'धजणे' जोडलं. ते आणखी चिडले. "दोन नकोत! त्यांना दोन नव्हते, एकच होता. त्या एकाला आपल्याकडे एक शोध." सहन करणे, पेलणे, छाती करणे, हिय्या करणे, एकेक शब्द ती पुढं करायची आणि सर हातानं उडवायचे. माशा हाकलाव्यात तसे. दिवस जात होते. काळेपणा बोटांवरून पावलावर सरकत होता. ती कार्ड मांडीवर घेऊन बसायची आणि नजर त्या फडक्यात गुंडाळलेल्या पायावरून हलायची नाही.

एका संध्याकाळी ती घरी येऊन जेवलीच नाही. बहीण इस्त्रीच्या कामानं सुजलेले पाय कोमट पाण्यात घालून बसली होती. तिनं वळूनही न पाहता विचारलं, "कसा आहे म्हाताऱ्याचा पाय?"

"घोट्यापर्यंत आलंय."

"आणि तू अजून शब्दच शोधतेस."

"मी काय करू मग?"

"मी सांगू काय करायचं?" बहिणीनं पाय पाण्यातून काढले. "नवऱ्याकडे होते तेव्हा रोज सकाळी स्वतःला म्हणायचे, मन घट्ट कर. मार खायचा म्हणून मन घट्ट केलं. आणि एके दिवशी पिशवी उचलली, तेव्हाही मन घट्टच केलं. वेगळं काही केलं नाही. तेवढं कर. उद्या जा, आणि सांगून टाक."

 ती उठून पाण्याचं घमेलं मोरीत ओतून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली तेव्हा सर झोपेतून उठले नव्हते. ती खुर्चीशी थांबली. जागे झाले, तिची चाहूल ओळखली, म्हणाले, "बोल."

"मन घट्ट करणे," ती म्हणाली.

 सरांचे ओठ हलले. 'मन घट्ट करून सोसलं,' ते पुटपुटले, 'मन घट्ट करून...' आणि एकदम दोन्ही हात त्यांनी खुर्चीच्या हातांवर आपटले. "अगं मुली! एकच! दोन्हीकडे चालतं! तीस वर्षं हे आपल्या घरात पडलं होतं आणि मी कुठं कुठं शोधत होतो! लिही, लिही आधी. कुणी सुचवलं?"

"माझ्या बहिणीनं."

"तिचं नाव घालू प्रस्तावनेत. धुलाईवाली म्हणून घालू. जळू देत ते विद्वान." त्यांच्या आंधळ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना असं खूष पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आज राहू दे. आजचा एक दिवस. वास मात्र खोलीभर होता.

"सर," ती म्हणाली, "प्रस्तावना नाहीये."

"नंतर लिहू."

"खंडच नाहीये, सर. संस्थेनं बंद केलाय. छापखाना नाही, खोल्याही नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगत आले."

बाहेर नळाचं पाणी कुणाच्या तरी बादलीत पडत होतं.

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"म्हणजे सिग्मा..."

"हो."

"अख्खं सिग्मा?"

"हो, सर."

"मी तुझ्यावर ओरडलो किती त्यात."

"खूप."

ते हसतील असं तिला क्षणभर वाटलं. पण त्यांचा चेहरा आतून दिवा काढून घ्यावा तसा झाला. हळू आवाजात म्हणाले, "रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसं केलंस. आणि पोरगंही इतकं खुळं, की वाजवत बसलं." मग थोड्या वेळानं, "घरात कुणाला माहीत होतं?"

तिनं खोक्याचं झाकण लावलं. तेच उत्तर झालं.

"बोलव तुमच्या त्या डॉक्टरला," सर म्हणाले. "आता मला इथं काम नाही."

पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातले तरुण डॉक्टर मुलीला म्हणाले, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर बोटांवर निभावलं असतं. मुलगी तिथून उठली ती सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली. व्हरांड्यात पाचपन्नास माणसं बसली होती.

"सांगायचंच होतं, तर आधी सांगायचं होतं," मुलगी म्हणाली. "नाहीतर कधीच नाही. तुम्ही मधलंच काहीतरी केलंत."

तिनं 'तूच तर म्हणाली होतीस' असं म्हटलं नाही. म्हणता आलं असतं. मुलीचंही काही चुकलं नव्हतं.

सर घरी आले, जगले. तीन हिवाळे. पण पुन्हा एक ग्रीक शब्द त्यांनी उच्चारला नाही. ती दुपारी जायची. नखं कापून द्यायची, वर्तमानपत्र वाचायची. त्यांना हवामान आणि बाजारभाव एवढंच हवं असायचं. एकदा तिनं मुद्दाम एक सोपा शब्द चुकीचा वाचला. पूर्वी असं झालं असतं तर छप्पर उडालं असतं. सर तसेच खिडकीकडे तोंड करून बसले. तिनं पुढच्या ओळीत आणखी एक चूक केली. काही नाही. मग तिनं नीट वाचायला सुरुवात केली.

सरांच्या घरून परत आणलेले कार्डांचे खोके संस्थेनं शिवणवर्गाच्या जिन्याखाली ठेवले होते. तिथं शिवणयंत्रं ठेवायची वेळ आली. तिनं दोन ग्रंथालयांत विचारून पाहिलं. एकानं सांगितलं जागा नाही, दुसऱ्यानं विचारलं, याचा उपयोग काय. रद्दीवाला आला तेव्हा फाटक तिनंच धरून ठेवलं, कारण त्याची हातगाडी आडवी होती आणि दुसरं कुणी तिथं नव्हतं. खोक्यांचं लाकूड चांगलं निघालं म्हणून तो खूष होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलीनं तिला दारातच थांबवलं. "ताई, आता नका येत जाऊ. तुम्ही येऊन गेलात की ते रात्रीचं जेवत नाहीत." आवाजात राग नव्हता, थकवा होता. ती "बरं" म्हणाली आणि वळली. सर गेल्याचं तिला चिटणिसांकडून कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. ती जाऊन दारात उभी राहून आली. कुणी या म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

शिवणवर्गाच्या कचेरीत ती अजून आहे. टेबल खिडकीशी आहे, बाहेर यंत्रांची घरघर. नव्या मुलींना ती नुसती बाई आहे, ग्रीकचं त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नाही. धाकटी बहीण म्हणते, बरं झालं, डोकं तरी मोकळं राहतं. ती हो म्हणते.

परवा एक बाई शाळकरी मुलीला घेऊन नाव घालायला आली. मान वर केली तर सरांची मुलगी. कानांवरचे केस पिकलेले. दोघी एकमेकींकडे पाहून थोड्या अवघडल्या. नातीचा चेहरा सरांसारखा लांबट निघाला होता. तिनं नाव लिहून घेतलं, वेळ सांगितली, कात्री आणि सुई घरून आणायची म्हणून सांगितलं. नात यंत्रं बघायला आत पळाली.

सरांची मुलगी मात्र उठली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"शेवटी शेवटी बाबा विचारायचे," ती म्हणाली. "रोज दुपारी. ती का येत नाही म्हणून. मी सांगितलं, तुम्ही गाव सोडून गेलात."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. आत कुणीतरी यंत्र चालवत होतं, मध्येच दोरा तुटला असावा, कारण ते थांबलं आणि मुली हसल्या.

"त्यावर ते काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"काही नाही. म्हणाले, बरं केलं तिनं."

 तिनं रजिस्टर मिटलं, दोन चहा सांगायला म्हणून उठली आणि दाराशी जाऊन नुसतीच उभी राहिली.